पिवळ्या पट्टीचे पागधरे मामा

पागधरे मामा कोणाला नमस्कार करत नाहीत. समोरच्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत बघतात, मग पायापासून वर डोक्यापर्यंत परत येतात आणि विचारतात, "काय लपवलंय?"

मला त्यांनी हे विचारलं तो माझा नोकरीचा पहिला दिवस होता आणि हातात जेवणाचा डबा होता. मी म्हटलं, "भेंडीची भाजी." तर म्हणाले, "भाजीचं नाय इचारत, केसातलं." माझ्या अंबाड्यात दोन काळ्या पिना होत्या, आणि मी तर त्यांच्याकडे तोंड करून उभी होते. ह्या माणसाला माझ्या पाठीमागचं कसं दिसलं, ते मला आजही कळलेलं नाही. मी मात्र त्याच दिवशी ठरवलं, ह्यांच्यावर लक्ष ठेवायचं. जो दुसऱ्यावर इतका संशय घेतो, त्याच्या स्वतःच्या पोटात काहीतरी असणारच.

मी बोईसरला एका तपासणी केंद्रात काउंटरवर बसते. पालघरहून एसटीनं येते, दिवसभर पेशंटकडून फॉर्म भरून घेते, आणि तोंडाळ आहे असं घरचे म्हणतात. खरं आहे ते. आमच्याकडे बाहेर एक्स-रे आणि सोनोग्राफी, आणि आतल्या खोलीत एमआरआय. त्या आतल्या खोलीच्या दाराआधी जमिनीवर एक पिवळी पट्टी मारलेली आहे. पट्टीच्या अलीकडे एक स्टूल, आणि स्टुलावर मामा. कागदोपत्री मदतनीस. पण त्यांचा थाट असा की जणू आम्ही सगळे त्यांच्या परवानगीनं इथे येतो.

एमआरआय म्हणजे एक भलंमोठं लोहचुंबक, एवढं समजलं तरी पुरे. माणसाला आडवं करून त्यात सरकवतात. हे चुंबक कधीच बंद होत नाही. मशीन गप्प असो, दिवे गेलेले असोत, रविवार असो, ते ओढतच असतं. मामा त्याला 'म्हातारी' म्हणतात. "म्हातारी झोपत नाय," असं दर पेशंटला बजावतात, "तुमाला वाटंल गप पडलीय. तुमी खिशात कात्री घेऊन जा, कात्री आदी पोचंल, मागनं तुमी."

एकदा अणुवीज प्रकल्पातला एक कर्मचारी आला होता गुडघ्यासाठी. छातीला रेडिएशन मोजायचा बिल्ला लावायची आयुष्यभराची सवय, त्यामुळे तोही आमच्याकडे संशयानंच बघत होता. पट्टीपाशी थांबून त्यानं मामांना विचारलं, "इथं रेडिएशन किती?" मामा म्हणाले, "इथं रेडिएशन नाय. इथं ओढ हाय." दोघं एकमेकांकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्या माणसानं निमूटपणे पट्टा, घड्याळ आणि बूटसुद्धा काढून ठेवले.

मामांचा माझ्या फॉर्मवर काडीचा विश्वास नाही. फॉर्ममध्ये चौदा प्रश्न आहेत. पेसमेकर आहे का, हाडात प्लेट-स्क्रू आहेत का, कानात मशीन आहे का, असे. मामा म्हणायचे, "तुझा फॉर्म म्हंजे काय बाय, मानूस डोळे मिटून नाय, नाय, नाय करत खाली जातो. शेवटला प्रश्न 'तुमी जिवंत हाव का' असा टाक, त्यालापन नाय लिवतील." मला राग आला. फॉर्म छापलेला असतो, त्याला काही मान आहे की नाही? पण दुसऱ्याच दिवशी एका गृहस्थांनी 'पेशंटचे नाव' ह्या रकान्यातसुद्धा 'नाही' असं लिहून दिलं, आणि मी गप्प बसले.

बायकांची झडती माझ्याकडे. आपल्या बायका अंगावर सेफ्टी पिना किती बाळगतात ह्याचा पुरुषांना अंदाज नसतो. मामांना आहे. पडद्याआड मी तपासत असायची आणि पडद्याबाहेरून मामा ओरडत असायचे, "मंगळसूत्राला अडकवलेली बगितली का? बांगडीतली? परकराच्या नाडीला एक असनार, तिथं बग!" आतल्या बाईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण नाडीला पिन निघायचीच. अशा सगळ्या पिना मामा फरसाणाच्या एका बरणीत साठवतात, वाकलेल्या सरळ करतात आणि जाणाऱ्या बाईला दोन जास्तीच्या देतात. बोईसरमधल्या निम्म्या साड्या आज मामांच्या पिनांवर उभ्या असतील.

एका पुढाऱ्याच्या आईला मात्र त्यांनी तीन वेळा परत पाठवलं. तिसऱ्या वेळी तिच्या चोळीच्या शिवणीतून गंजकी सुई निघाली, पण तोवर पुढाऱ्याचा फोन आमच्या डॉक्टरांना गेला होता. ती पहिली तक्रार.

आणि एकदा जव्हारकडून एक नवरा-बायको आले होते. नवऱ्याच्या दंडाला भगतानं बांधलेला ताईत. तो काढायला तयार होईना. आमचा टेक्निशियन समीर चिडला, म्हणाला कापून टाका दोरा. मामांनी त्याला हातानं मागे सारलं आणि त्या माणसाशेजारी खाली उकिडवे बसले. "कापायचा नाय," म्हणाले, "तुझी बायको सोडंल तो, नि मुठीत धरून हितं पट्टीवर बसंल. तू बाहेर येईस्तोवर मूठ उघडायची नाय. मी बगतो हाय." पाऊण तास ती बाई मूठ आवळून बसली आणि पाऊण तास मामा त्या मुठीवर पहारा देत बसले. भगताचा ताईत इतक्या कडक बंदोबस्तात कधी राहिला नसेल.

आता एवढं सगळं बघून तुम्ही म्हणाल, माणूस विक्षिप्त आहे पण कामाचा आहे. मीही म्हटलं असतं. पण दोन गोष्टी माझ्या डोक्यातून जात नव्हत्या.

पहिली म्हणजे, मामा स्वतः ती पट्टी कधी ओलांडत नाहीत. एकदाही नाही. आत पेशंटला उचलायला हात कमी पडला तरी बाहेरूनच सूचना देणार. समीर म्हणायचा, कंबरेला चांदीचा करगोटा असणार. मी म्हणायची, करगोटा काढता येतो. सगळ्या गावाला 'काय लपवलंय' विचारणाऱ्या माणसानं काय लपवलंय?

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. पन्नाशीच्या पुढचा पुरुष दिसला, आणि त्यातून तो एमआयडीसीत काम केलेला असला, की मामांचा सगळा नूर बदलायचा. पिना, पट्टा, चावी सगळं बाजूला. "कुठल्या कंपनीत होता? कुठल्या साली? ग्राइंडर चालवला का? डोळ्यात चिंगारी गेली होती? कोनी काढली?" माणूस नाही म्हणाला तरी सुटका नाही. त्याला खिडकीपाशी नेऊन खालची पापणी ओढून डोळ्यात बघायचे. काही दिसलं नाही की समाधान व्हावं ना? उलट म्हणायचे, "दिसत नाय म्हंजे नाय, असं नाय." मग खिशातून एक छोटी वही काढायची. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, होडीतून जायचं असल्यासारखी. मामा चिंचणीचे, घरी पिढ्यान्पिढ्या मासेमारी, त्यामुळे ती सवय समजू शकते. पण त्या वहीत बघायचे काय?

समीर म्हणाला, डोळ्यांच्या दवाखान्याचे एजंट असणार. मला वाटलं, कुठल्यातरी ठेकेदाराचे खबरे असणार. कामावर इजा झालेला माणूस पुढे भांडायला उभा राहू नये म्हणून आधीच नावं गोळा करत असतील. मामा स्वतः तीस वर्षं एमआयडीसीत ग्राइंडिंगला होते एवढंच आम्हाला माहीत होतं. ते सोडून इथे स्टुलावर का येऊन बसले, ते विचारलं की म्हणायचे, "हितं सावली हाय."

एक दिवस ते चहाला गेले आणि वही स्टुलावर राहिली. मी उघडली. हो, उघडली. आत नावं होती, एकाखाली एक. प्रत्येकापुढे 'उजवा' किंवा 'डावा'. काही नावांपुढे बरोबरची खूण. आणि सगळ्यात वर 'वसंत, उजवा'. त्या नावाभोवती पेनानं इतक्या वेळा गोल काढला होता की कागद फाटायला आला होता.

"काय लपवलंय?"

मामा मागे उभे. मी वही फॉर्मच्या गठ्ठ्याखाली सरकवली होती, पण पिशवीचं टोक बाहेर आलेलं. त्यांनी ते टोक धरून वही ओढून घेतली आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, हा चोर तर बोंबही मारत नाही.

आणि मी डॉक्टरांना सांगितलं. हे लिहिताना आजही शरम वाटते, पण सांगितलं. पेशंटची नावं लिहून ठेवतात, कोणाला देतात कोण जाणे, असं सांगितलं. त्याच आठवड्यात दुसरी तक्रार आली होती, कोणाचीतरी पापणी ओढल्याची. डॉक्टरांनी मामांना बोलावून घेतलं. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू आलं. "मामा, आणखी एक तक्रार आली की माझा नाइलाज आहे. तुम्हाला थांबवावं लागेल." मामा म्हणाले, "बरं." बाहेर आले, स्टुलावर बसले आणि पुढच्या माणसाला विचारलं, "ग्राइंडर चालवला का कदी?"

मी कपाळावर हात मारला. माणसाला नोकरी नको असेल तर देव तरी काय करणार?

त्यानंतरच्या शनिवारी रामसजीवन आला.

दुपारची वेळ, बाहेर बाकं भरलेली. कंबर धरून, वाकून चालणारा पन्नाशीचा माणूस आणि त्याच्याबरोबर कंपनीचा सुपरवायझर. ह्याच्या हातात दोन फोन आणि दोन्ही फोनवर घाई. फॉर्म त्यानंच भरला. माझ्या डोळ्यांदेखत चौदा वेळा 'नाही' लिहिलं, पेशंटकडे एकदाही न बघता. मी तो तसाच घेतला. रोजचंच होतं ते.

पट्टीपाशी मामांनी सुरुवात केली. "ग्राइंडर चलाया क्या?"

"नहीं चलाया," सुपरवायझर म्हणाला. "हेल्पर है, झाडू मारता है."

"तुम नहीं. वो बोलेगा." मामा रामसजीवनकडे वळले. "आँख में कभी चिंगारी गया? घाई नाय. याद करके बोलो."

रामसजीवन प्रश्न ऐकतच नव्हता. तो मामांच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. मग त्याचा चेहरा असा उजळला की कंबरदुखी विसरून तो सरळ उभा राहिला.

"पागधरे भाई? आप पागधरे भाई हो ना? मूँछ कहाँ गई?"

मामांचा हात वरच्या ओठाकडे गेला.

"अरे, मैं रामसजीवन! पुराने शेड में था आपके साथ! मेरी बाईं आँख का कचरा आपने ही तो निकाला था!" आता तो सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं बोलत होता. "पूरा शेड इन्हीं के पास आता था, साहब. रुमाल का कोना ऐसे घुमाते थे और बोलते थे, निकल गया, जा काम पे. डॉक्टर से अच्छा हाथ था इनका!"

बाकांवरचे लोक कौतुकानं मामांकडे बघू लागले. मीही बघितलं. इतक्या लोकांत कोणी आईवरून शिवी दिली तर माणूस जसा पांढरा पडेल, तसे ते पांढरे पडले होते.

"हा आत जायाचा नाय," मामा म्हणाले. "आदी डोळ्याचा एक्स-रे."

सुपरवायझर भडकला. "कमर का फोटो है! आँख का क्या काम?"

"अकेला कमर अंदर नहीं जाता. पूरा आदमी जाता है."

"बीस साल पुरानी बात है, आदमी को दिखता है, कुछ नहीं है आँख में!"

"दिसत नाय म्हंजे नाय, असं नाय," मामा म्हणाले. सुपरवायझरला मराठी किती कळलं माहीत नाही, पण तो ओरडायला लागला आणि डॉक्टर बाहेर आले. मागे तीन पेशंट खोळंबलेले, समीर दारात घड्याळ दाखवतोय. डॉक्टरांनी मामांकडे बघितलं. ती नजर मला कळली. हीच ती तिसरी तक्रार.

आणि मामांनी हात जोडले. कोणाला नमस्कार न करणाऱ्या मामांनी, सगळ्यांसमोर, डॉक्टरांना हात जोडले.

"सर, ह्याच्या डोळ्यातला कन मी काढला. काढला म्हंजे, काढला असं मी म्हनालो. निघाला का नाय, ते मला ठाव नाय. आदी ह्याचा एक्स-रे काढा. मंग मला काढा."

सुपरवायझरचा एक फोन वाजून वाजून बंद झाला. डॉक्टर थोडा वेळ मामांच्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "समीर, आधी डोळ्याचा एक्स-रे घे."

असे दोन एक्स-रे घेतात, एक वर बघताना, एक खाली बघताना. डोळ्याच्या आत लोखंडाचा कण असेल तर तो डोळ्याबरोबर वर-खाली होतो. तसा कण असताना माणूस त्या चुंबकात गेला तर कण आतल्या आत ओढला जातो, आणि कायमची नजर जाऊ शकते. हे सगळं मला त्या दिवशी कळलं. चौदा प्रश्नांचा फॉर्म मी किती दिवस भरून घेत होते, आणि हे मला त्या दिवशी कळलं!

रामसजीवनचा डोळा स्वच्छ निघाला. दोन्ही स्वच्छ. सुपरवायझर हसला, "देखा?" आणि तास फुकट घालवल्याची तक्रार माझ्याकडूनच कागद मागून लिहून गेला. रामसजीवन आत गेला, ठणठण आवाज सुरू झाला. बाहेर मामांनी पिशवीतून वही काढली आणि त्याच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

संध्याकाळी डॉक्टरांनी मामांना आत बोलावलं आणि मलाही. वहीची चुगली माझीच ना! मला वाटलं, आता माझ्यासमोर ह्या माणसाला काढणार, आणि ते बघणं हीच माझी शिक्षा.

मामांनी वही टेबलावर ठेवली. "हे आमच्या शेडमधले," म्हणाले. "ज्यांचे मी काढले, ते. आठवले तेवढे लिवले. ज्याचा डोळा दुसरीकडं तपासून साफ निघाला, त्याच्यापुढं बरोबर. डॉक्टरकडं गेलं तर अर्धा दिवस जायाचा, म्हनून सगळे माझ्याकडं यायचे. मला भारी वाटायचं. रुमाल फिरवायचा नि म्हनायचं, निघाला, जा."

"आणि वसंत?" मी विचारलं.

"माझ्या बाजूच्या मशीनवर होता. गेल्या साली... नाय, त्याच्या आदी. मानेसाठी लांब कुठंतरी असल्याच मशीनमधी गेला. उजवा डोळा गेला त्याचा. फॉर्मवर त्यानं 'नाय' लिवलं होतं." मामा माझ्याकडे वळले. "खोटं नाय बोलला गो तो. मीच सांगितलं होतं त्याला, निघाला म्हनून."

मग म्हणाले, "त्याला भेटाया गेलो. मला काय बोलला नाय. उलट चहा पाजला. बोलला असता तर बरं झालं असतं." दुसऱ्याच महिन्यात मामांनी शेडमधलं काम सोडलं आणि आमच्याकडे येऊन स्टूल मागितलं. ह्या भागातला माणूस एमआरआयला कधी ना कधी इथेच येणार. आला की दारातच गाठायचा.

मला रडू आलं. मी सरळ म्हटलं, "मामा, माझं चुकलं. मी तुम्हाला ठेकेदाराचा खबऱ्या समजत होते." ते म्हणाले, "समजाया पायजेच. संशय घ्यावा."

डॉक्टरांनी तक्रारीचा कागद उचलून खणात टाकला आणि माझा फॉर्म मागितला. "हा प्रश्न तर ह्यात आहे की. अकरावा. 'डोळ्यात धातूचा कण आहे का?'"

मामा पहिल्यांदाच हसले. "सर, शेडमधी कोनाच्या डोळ्यात धातूचा कन जात नाय. चिंगारी जाते. कचरा जातो. तुमी धातूचा कन इचारला तर सगळे नायच बोलनार."

आता आमच्या फॉर्मवर पंधरावा प्रश्न आहे, मराठीत आणि हिंदीत: 'डोळ्यात कधी चिंगारी किंवा कचरा गेला होता का? कोणी काढला?' हिंदीतली ओळ समीरनं लिहिली, मराठीतली मी. लोक ह्याला 'हो' लिहितात. इतके लोक 'हो' लिहितात की अंगावर काटा येतो.

मामा स्टुलावर राहिले. माझं डोकं मात्र शांत होईना. सोमवारी जेवणाच्या वेळी मी त्यांना धरलं.

"मामा, वहीत तुमचं नाव नाही."

"माझं कशाला?"

"तीस वर्षं ग्राइंडिंगला होतात. तुमच्या डोळ्यात कधी गेलं नाही?"

"गेला की."

"कोणी काढला?"

मामांनी सुकटीचा डबा बंद केला, पुन्हा उघडला. "काढनारा मीच. माझा कोन काढनार? बाकीच्यांना जमत नव्हतं, हात थरथरायचे. स्कूटरच्या आरशात बगून रुमाल फिरवला."

"आणि निघाला?"

मामांची नजर आतल्या दाराकडे गेली, आणि मला ती पिवळी पट्टी एकदम समजली.

मग सुरू झाली गंमत. जी जी कारणं पेशंट मामांना सांगतात ती सगळी मामांनी मला सांगितली. "जुनी गोष्ट हाय." "मला दिसतंय ना चांगलं." "मी कुठं आत जातोय?" "आज नको, उद्या." "आज अमावस्या हाय." आठ दिवस मी रोज सकाळी डोक्यापासून पायापर्यंत बघून विचारत होते, "काय लपवलंय?" नवव्या दिवशी वैतागून ते एक्स-रेच्या खोलीत गेले.

समीरनं वर बघायला सांगितलं, मग खाली. आम्ही तिघं पडद्यासमोर उभे राहिलो. डाव्या डोळ्यात रव्याच्या कणाएवढा पांढरा ठिपका होता. वर बघताना वर. खाली बघताना खाली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, इतकी वर्षं गप्प बसलाय, आता छेडू नका, पण दर सहा महिन्यांनी दाखवा आणि त्या चुंबकाच्या जवळ चुकूनही जाऊ नका. मामा म्हणाले, "मी आदीपासून कुठं जातोय?" आणि येऊन स्टुलावर बसले.

त्या दिवशी दुपारी दोन पेशंटच्या मधे जरा निवांतपणा होता. मी काउंटरवर फॉर्म लावत होते. मामांनी हाक मारली, "बाय, जरा हिकडं ये." मला वाटलं कोणाची पिन राहिली. गेले तर त्यांनी स्टूल खिडकीकडे वळवलं होतं आणि स्वतःच्या डाव्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढून धरली होती.

"बग जरा. दिसतोय का?"

उघड्या डोळ्यांनी तो दिसणार नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी मी वाकले. त्यांचा हात बाजूला केला आणि माझ्या बोटानं पापणी धरली. लाल शिरा होत्या. बुबुळाच्या कडेला म्हातारपणाची पांढुरकी रेघ. आणि पाणी, भरभरून येणारं.

"काही दिसत नाही, मामा."

"मंग?"

"दिसत नाही म्हणजे नाही, असं नाही."

"शिकली," मामा म्हणाले. मला वाटलं झालं, म्हणून मी पापणी सोडायला लागले. तर त्यांनी माझं मनगट धरलं. अख्ख्या शेडचे डोळे ह्या माणसानं असे धरून बघितले होते, आणि ह्याच्या डोळ्यात बघायला आजवर एक माणूस नव्हता. काउंटरवर फोन वाजायला लागला. मी हलले नाही.

"अजून जरा बग," मामा म्हणाले. "घाई नाय."